माळेतली इनासची पाळी

आधीच सांगतो, वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदराचा मी चाहता नव्हे. अंगात येणं, उतारे, ताईत यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, बाजारात उभं राहून ती वाटली आहेत. स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली तरी माणसं भुताला भितात याची मला चीड आहे. तरीही जे ऐकलं ते लिहितो... आपल्या मताला अडचणीचं तेवढं लपवायचं, हा भोंदूंचा धंदा. तो मला करायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात मी बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी बघायला गेलो. आधी शंकराचं देऊळ, मग पोर्तुगिजांचं चर्च, आता सगळं ओसाड — एकाच दगडाचे धर्मापायी किती हाल होतात, यावर मला पत्रक लिहायचं होतं. जवळच्या ख्रिस्ती गावठाणात रेजिनाबाई नावाच्या विधवा आणि त्यांची मुलगी फिलू लेणी बघायला येणारे पाहुणे ठेवत. दारावर पाटी होती : 'खोली व न्याहारी'. खोली एकच, मुलाची. हा इनास बोटीवर खलाशी. दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. बोटीवाल्यांनी कळवलं होतं, की कुठल्याशा बंदरात उतरला तो परत आलाच नाही.

"भाऊ आल्याबिगर माझं लगीन नाय," फिलूने पहिल्याच दिवशी विहिरीवर सांगून टाकलं. "आयचा हट्ट. कांदिवलीवाले आता दुसरी पोरगी बघतात."

"मग आईला समजाव ना!"

"तुम्हीच समजवा की. एवढी कागदं छापता!"

संध्याकाळी दिवा लागल्यावर मायलेकी जपमाळ म्हणायला बसल्या. मी खोलीत दार लोटून लिहीत होतो. आधी रेजिनाबाईंचा आवाज. मग एका पुरुषाचा — तरुण, जरा घोगरा, 'नमो मरिये, नमो मरिये' असं घाईघाईने म्हणणारा. त्याचं बराच वेळ चाललं. मग फिलू. मला राग आला तो एवढाच, की लिहायला शांतता मिळेना.

सकाळी तांदळाची भाकरी आणि अंडी पुढे आली तेव्हा मी सहज म्हणालो, "काल आणखी कुणी पाहुणा आला वाटतं? मोठा भाविक दिसतो. त्याची पाळी तुमच्या दोघींपेक्षा लांब!"

फिलूच्या हातातली किटली तशीच राहिली. रेजिनाबाई माझ्यापुढे येऊन बसल्या.

त्या घरात माळेत प्रत्येकाची पाळी ठरलेली, एका पाळीला दहा 'नमो मरिये'. आईनंतर इनासची. तो गेल्यापासून त्याच्या जागी दोघी गप्प बसत, त्याला लागायचा तेवढा वेळ. मग फिलू पुढचं म्हणे. कालही दोघी गप्पच होत्या. पुरुषाचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"लांब होती म्हणता?" फिलू हळूच म्हणाली. "तो मणी नाय मोजायचा. बोटांची पेरं मोजायचा. दहाच्या जागी बारा व्हायचे. बाबा किती ओरडायचे..."

मी उठलो, घराभोवती फिरून आलो. तिन्ही बाजूंना कापलेली भातशेतं. शेजारचं घर विहिरीपलीकडे. गावठाणात वीज नाही, म्हणजे रेडिओही नाही. मागच्या दारी फिलूने मला गाठलं.

"आयला सांगा, रस्त्यावरनं कोणतरी जात होता. नायतर पोरगा येणार म्हणून ती जन्मभर दारात बसंल. आणि तिच्यासंगती मी पण."

मुलीचं म्हणणं न्यायाचं होतं. माझ्या एका शब्दावर तिचं लग्न अडणार होतं. पण आत गेलो तर रेजिनाबाई दारातच उभ्या.

"लेका, खरं सांग. ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो. फिलूने तोंड फिरवलं.

 रेजिनाबाई म्हणाल्या, "जिता असता तर पत्र टाकला असता. जित्या माणसाला एवढ्या लांबनं माळेला येता येत नाय."

त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि गावातल्या चर्चकडे निघाल्या, पाद्रीबाबांना इनासच्या नावाची मयताची प्रार्थना सांगायला. पायरीवर थांबून फिलूला म्हणाल्या, "कांदिवलीला निरोप धाड."

फिलू किटली पोटाशी धरून रडत बसली. लग्नाच्या आनंदाने नव्हे. इनास मेला, असं त्या घरात दोन वर्षांत कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसलो. इनासच्या जागी कुणी गप्प बसलं नाही. रेजिनाबाईंनीच त्याची पाळी घेतली. माळ मांडीवर पडलेली, अंगठा पेरांवरून सरकत होता. माझाही सरकायला लागला, कधी ते कळलं नाही. दहा झाले. त्या थांबल्या नाहीत. बारा पुरे केले, मग हात सोडला. मी कान देऊन होतो... दुसरा आवाज आला नाही.

पत्रक मी पुरं केलं, वाटलंही. त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण त्या पहिल्या संध्याकाळी मी काय ऐकलं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला कारण सुचलं तर अवश्य लिहा. फक्त 'भास झाला' म्हणून मोकळे होऊ नका — ज्याला मी कधी पाहिलं नाही, त्याची पाळी लांब असते हे माझ्या भासाला कुणी सांगितलं, तेही लिहा.