चव न घेता केलेली सही

वाटीतली खिचडी त्यानं मातीत उपडी केली. माह्यासमोर. ताटं घेऊन बसलेल्या समद्या पोरायसमोर.

"इच्या हाताचं कातडं झडते. माहा नातू हे खानार नाई," शाळा समितीचा अध्यक्ष हेडसरांले बोलला. मले नाई. मी तिथंच पळी घेऊन उभी होती.

त्याच लाइनीत माही चौथीतली पोरगी होती. तिच्या बाजूची पोरं सरकून बसली. ती नुसती ताटाकडं पाहत राह्यली.

मी दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. नियम असा हाय का पोरायले वाढायच्या आधी सरांनी खिचडी चाखायची, अन् चवीच्या रजिस्टरात सही करायची. त्या दिवसापासून सर चाखेनात. वाटी तशीच थंडी होये. सही मात्र रोज. 'चव चांगली.' धडधडीत खोटं.

माह्या कोपरावर, गुडघ्यावर आधीपासूनच लाल चट्टे, वरून पांढरी खपली. मी लांब बाह्यांचं पोलकं शिवलं. मेडिकलातून गजकर्णाचा मलम आनला, तर चट्टे अजून पसरले. अन् सगळ्यात मोठा मूर्खपना माहाच. आमी मायलेकी एका ताटात जेवनाऱ्या. मीच घरात माहं ताट येगळं केलं. पोरगी विचारे, "याडी, तू काहून येगळी बसून राह्यली?" आमच्या बोलीत आईले याडी म्हनतात. अध्यक्षानं जे केलं, ते मी आधीच सोताले करून बसली होती. त्याची आजबी लाज वाटते.

खिचडी मातीत गेली तवा मंग यवतमाळले दवाखान्यात गेलती. डॉक्टरीन बाईनं हातमोजा न घालता माहं कोपर धरलं. मी हात मागं ओढला. "लागन होईन, मॅडम."

"कोणी सांगितलं?" ती म्हनाली. "हा सोरायसिस आहे. लागत नाही. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. तुमच्या पेशी चुकून तुमच्याच कातडीवर चालून जातात. महिनाभरात बनायची कातडी मग चार-पाच दिवसांत बनते आणि खपली होऊन गळते. मुळातून जात नाही, पण औषधानं ताब्यात राहतो."

परतीच्या जीपमंदी डोकं जाग्यावर नव्हतं. शेताले राखनदार ठेवावा, अन् त्यानं घरच्याच मानसाले गोटे मारावे. माह्या अंगात हेच चालू हाय. अन् गावात काय येगळं हाय? या गाववाल्यायचा कापूस आमी तांड्यावरच्या बाया येचतो, तवा कायले नाई दिसत कोनाले झडलेलं कातडं? घरी पोचली अन् पोरीच्याच ताटात जेवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कागद अन् खिचडीची वाटी सरांसमोर ठेवली.

"ताई, समजून घ्या. अध्यक्ष रागावतील," सर म्हनाले, अन् त्यायनं पेन काढला.

मी रजिस्टर ओढून घेतलं. "पोरायले वाढते मी. ते उपाशी राह्यनार नाईत. पन आता खोटी सही नाई."

सातवी शिकेल हाव मी. त्याच पेनानं लिहिलं. 'आज कोनी चव घेतली नाई. शिजवनारीले सोरायसिस हाय. तो लागत नाई, हे सांगूनबी घेतली नाई.' खाली माही सही.

दुपारी अध्यक्ष आला. "तुले कामावरून काढतो," म्हने.

"काढा," मी म्हटलं. "पन कारन याच रजिस्टरात लिहा, अन् खाली सही करा."

त्यानं पेन घेतला नाई. निंगून गेला.

वाटी अजून कोनी उचलली नाई. काम राह्यते का जाते, सांगता येत नाई. अंगाले खाज हाय, डोयाले झोप नाई. पन ते लांब बाह्यांचं पोलकं मी शाळेच्या चुलीत घातलं. आता रोज उघड्या कोपरानं शिजवीन. रोज वाटी भरून टेबलावर ठेवीन. अन् ज्या दिवशी कोनी चाखनार नाई, त्या दिवशी ते माह्या सहीनिशी लिहून ठेवीन.