दोन पिनांचा अ‍ॅम्प

लालबागच्या हितेंद्र परबांना गिटार अजिबात वाजवता येत नाही. पण मुंबईत ज्याच्याकडे गिटारचा आवाज मोठा करणारा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे, त्याच्या फोनमध्ये बहुधा त्यांचा नंबर असतो. वडील कुशाबा गिरणीत होते. संपात ती बंद पडली आणि हितेंद्र गिरगावात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ते दुकानही गेलं, आणि हातात राहिलं ते गिटारवाल्यांचं काम. काचेचे व्हॉल्व्ह तापून लालसर झाले की जो भरदार, किंचित फाटका आवाज येतो, तो नव्या यंत्रातून येत नाही म्हणतात. परब असे जुने अ‍ॅम्प शोधून विकत घेतात, चाळीतल्या पोटमाळ्यावर दुरुस्त करतात आणि शौकिनांना विकतात. कुणाला आवाजात बदल हवा असेल तर तोही करून देतात.

माझगावच्या एका घरात त्यांना असाच एक विलायती अ‍ॅम्प मिळाला. त्या घरातले आजोबा जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांनी तो आणला होता. मागच्या बाजूला उंदरांनी घर केलेलं, स्पीकरचा कागद फाटलेला. परबांनी फुगलेले कॅपॅसिटर बदलले, स्पीकरला पातळ कागद आणि गोंद लावून ठिगळ दिलं, व्हॉल्व्हच्या बैठका घासून चकचकीत केल्या. अ‍ॅम्प पुन्हा बोलायला लागला तेव्हा ते स्वतःशीच हसले होते.

तो घेतला अभिषेक त्रिलोकेकरने. शिवाजी पार्कला राहणारा, नोकरी सांभाळून गाणारा आणि गिटार वाजवणारा तिशीतला तरुण.

"वायर बदलतो रे आता," परब म्हणाले. "दोन पिनांची आहे, अर्थिंग नाही. आणि आत हा छोटा कॅपॅसिटर बघ. मेन लाइनमधून सरळ लोखंडी सांगाड्यावर जातो. घुरघुर कमी व्हावी म्हणून त्या काळी लावायचे. हा बसला, म्हणजे आतून शॉर्ट झाला, तर सगळा करंट सांगाड्यात उतरतो, आणि तिथून तुझ्या गिटारच्या तारांत."

"आता खराब आहे का?"

"आता नाही. मीटर लावून बघितलाय."

"मग राहू दे ना काका, प्लीज. सगळं कंपनीतून आलं तसंच पाहिजे मला. तीन पिनांची वायर लावली की त्याची मजा गेली."

परबांना नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांनाही तो अ‍ॅम्प तसाच अस्सल राहिलेला आवडत होता. आपण हे जुनं यंत्र जसंच्या तसं उभं केलं, असं चार लोकांत सांगता आलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "पण जपून."

जपून म्हणजे त्याने नेमकं काय करायचं होतं, हा प्रश्न त्यांना पुढे फार छळणार होता.

दादरच्या एका हॉलमध्ये अभिषेकचा कार्यक्रम झाला. परबांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. दुसऱ्या गाण्याला अभिषेक माइकजवळ गेला, त्याचे ओठ माइकच्या जाळीला लागले आणि तो ताठ झाला. डाव्या हाताची बोटं तारांवर आवळली गेली, ती सुटेनात. लोकांना वाटलं, हा त्याच्या गाण्यातलाच काही प्रकार असेल. विंगेत उभा असलेला हॉलचा इलेक्ट्रिशियन जगदीश घाडी मात्र धावला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला. त्या अंधारात अभिषेक पडल्याचा आवाज आला.

टॉर्चच्या उजेडात त्याला उचललं. श्वास चालू होता. बोटं भाजली होती, ओठ भाजला होता, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. एकच गलका उठला. कसलं वायरिंग आहे हे, माणूस मेला असता! हॉलचे सेक्रेटरी सगळ्यांसमोर जगदीशवर ओरडत होते. "साहेब, माझं अर्थिंग चेक करा, एकदम ओके आहे," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

अर्थिंग ओके होतंच. माइकला चांगलं अर्थिंग होतं आणि तारांत करंट उतरला होता, म्हणूनच तो अभिषेकच्या अंगातून गेला. त्या गर्दीत हे समजणारा माणूस एकच होता, आणि तो गप्प उभा राहिला. नंतर पुढे होऊन एवढंच म्हणाला, "अ‍ॅम्प मी घरी नेतो. पडापडीत मार लागला असेल."

घरी कॅपॅसिटरला मीटर लावताच मीटर सलग वाजत राहिला. कॅपॅसिटर बसला होता. परबांनी तो कापून काढला, तीन पिनांची वायर जोडली, सांगाड्याला अर्थिंग दिलं आणि कापलेला तुकडा कचऱ्यात टाकला. सकाळी कचरा गेला. आता कुणी अ‍ॅम्प उघडला असता तरी दोष सापडला नसता. आपण सुरक्षित काम करतोय, असं हात चालू असताना ते स्वतःला सांगत होते. हात थांबल्यावर मात्र आपण काय केलं ते त्यांना कळलं.

काही दिवसांनी अभिषेकचा फोन आला. आवाज अजून जड होता. "बाबांनी हॉलवाल्यांना सोडलं नाही काका. त्या इलेक्ट्रिशियनला काढून टाकलं."

"हो का," परब म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

पोटमाळ्यावर जाणं बंद झालं. गिऱ्हाइकांचे फोन उचलेनात. जेवताना घास हातातच राहायचा. शेवटी मुलीने, अक्षदाने, विचारलं, "बाबा, तब्येत बरी नाही का?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने आपलं ताट बाजूला सारलं.

"त्या माणसाने स्विच ओढला नसता तर?"

"तर अभिषेक गेला असता."

"आणि तुम्ही त्यालाच अडकवलंत."

"मी कुठे काय बोललो?"

"तेच ना, बाबा."

दुसऱ्या दिवशी परब शिवाजी पार्कला गेले. दार अभिषेकच्या वडिलांनी, श्यामकांतांनी, उघडलं. परब बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. दोष अ‍ॅम्पचा होता, तो आपल्याला माहीत होता, आणि नंतर आपण तो काढून टाकला, हेही लपवलं नाही.

हात गळ्यात बांधलेला अभिषेक म्हणाला, "पण मीच म्हणालो होतो ना, राहू दे म्हणून."

"तू म्हणालास. पण त्याने काय होतं ते मला माहीत होतं. मी ऐकायला नको होतं."

"मी त्या माणसाची नोकरी घालवली," श्यामकांत म्हणाले. "परब, तुमच्या गप्प राहण्यामुळे मीही यात आलो." मग त्यांनी चपला घातल्या. "चला हॉलवर."

सेक्रेटरींनी ऐकून घेतलं, पण काम आता एका एजन्सीकडे दिलं होतं. झालं ते झालं, म्हणाले.

जगदीश हिंदमाताला एका साडीच्या दुकानात शिडीवर चढून दिवे बदलत होता. परबांनी खालूनच बोलायला सुरुवात केली. तो खाली उतरला, हात पुसले आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुमी थंयच होतास मा?" त्याने विचारलं. "सगळ्यांसमोर माझी लाज काढत होते तेव्हा?"

"होतो."

"आता इथे येऊन कानात सांगताय."

परबांनी हात जोडले. जगदीशने तिकडे पाहिलं नाही. "शेठ ओरडेल, जा तुम्ही," म्हणत तो पुन्हा शिडी चढला.

श्यामकांतांनी सोसायटीचं, ओळखीतल्या दोन ऑफिसांचं काम जगदीशला मिळवून दिलं. परबांनी आपल्या परीने एक केलं. त्यांच्याकडून गेलेला प्रत्येक जुना अ‍ॅम्प परत मागवून त्याला अर्थिंग दिलं, आणि का मागवतोय हे प्रत्येकाला, जगदीशच्या नावासकट, सांगितलं. काही जण चिडले. काही पुन्हा आले नाहीत.

बोटं बरी झाल्यावर अभिषेकने परळला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. विजेचं काम त्याने जगदीशला दिलं. परब दुपारीच अ‍ॅम्प घेऊन पोचले. जगदीश आला, त्याने त्यांच्याकडे न बघता अ‍ॅम्पची मागची फळी उघडली. वायर तपासली, सांगाड्याला मीटर लावला, मग गिटारच्या तारांना, मग माइकला. परब शाळेतल्या पोरासारखे बाजूला उभे होते.

सगळं बघून झाल्यावर जगदीशने फळीचे स्क्रू स्वतः आवळले.

"चालू करा," तो म्हणाला.

परबांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला लागले. त्यांना जगदीशला काहीतरी म्हणायचं होतं, पण तो केबल गुंडाळत स्टेजच्या पलीकडे निघून गेला होता.