बिनसाबणाची काच

सकाळी अकराच्या सुमाराला अर्चनाचा फोन आला. एरवी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग स्वतःचं सांगते. त्या दिवशी नुसतं "मावशी..." म्हणाली आणि थांबली. मी काय ते समजले. दामले मॅडम महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या, वयही ऐंशीच्या पुढे गेलेलं, पण म्हणून मन तयार असतं का? मी खाली बसले आणि विचारलं, "शेवटी त्रास नाही ना झाला?" अर्चना म्हणाली, "नाही. सकाळी नर्सनं चहा दिला, तर तिला म्हणाल्या, कप नीट विसळत नाही हं तुम्ही." फोनवर आम्ही दोघी रडता रडता हसलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

मॅडम विद्यापीठात शिकवायच्या आणि प्रयोगशाळा चालवायच्या. मी त्यांच्याकडे काचेची भांडी धुवायचे. माझा नवरा गेल्यावर कुणीतरी मला तिथं नेऊन उभं केलं. कात्रजहून दोन बस बदलून पोचले होते, चौथी शिकलेली, पदर घट्ट धरून उभी. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "इंग्रजी वाचता येतं?" म्हटलं, नाही. "मग बाटल्यांवरची अक्षरं शिकून घ्या. नाहीतर एक दिवस ॲसिडनं फरशी पुसाल." एवढीच मुलाखत. मी बाटल्या बघून बघून एबीसीडी शिकले, मग लेबलं, मग मराठी पुस्तकं, आणि वाचायची जी सवय लागली ती आजवर सुटलेली नाही.

एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही इथं नक्की करता काय?" काम बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. झाडाचं पान घ्या की माणसाचं अंग, ते बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला आणि तिच्या आतल्या खोल्यांना पातळ, स्निग्ध आवरण असतं, दुधावरच्या सायीसारखं. त्या सायीत प्रथिनं रुतून बसलेली असतात. "तीच दारं-खिडक्या समजा. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, सगळं त्यांच्या हातात. आपल्याला ती दारं काढून तपासायची आहेत." मी म्हटलं, "घर न पाडता?" "घर पडलं तरी चालेल हो, दार मोडता कामा नये!" आणि ती दारं काढायची साबणानं... पण तो साबण वेगळा, फार हलक्या हाताचा, परदेशातून यायचा आणि फ्रीजमध्ये जपून ठेवलेला असायचा. तेलाच्या भांड्याला आपण लावतो तो लागला, की दाराचा भुगाच.

हे सगळं चालायचं पालकावर. ताजा पालक लागायचा, तो आमच्या भागातल्या मळ्यातून मी पहाटे घेऊन निघायचे. बसमध्ये बायका विचारायच्या, "घरी कार्य आहे का काय?" मॅडमकडे शिकणारी मुलं तो थंड खोलीत बसून वाटायची. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत ही पोरं स्वेटर घालून कुडकुडतायत, अशी आमची तऱ्हा.

अर्चना यवतमाळची. वडील शाळामास्तर, हॉस्टेलवर राहायची, मॅडमकडे पीएचडीला होती. ते दिवस असे, की गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. आज एक मुलगा सोडून जायचा, उद्या दुसरा. मॅडम कुणाला अडवायच्या नाहीत. "जा. ॲप्रन तेवढा धुऊन ठेव," एवढंच म्हणायच्या. अर्चना मात्र टिकून होती. पण दिवाळीनंतर तिचं काम बिघडायला लागलं. सकाळी नळीत हिरवंगार, आरपार दिसणारं पाणी असायचं आणि दुपारपर्यंत ते गढूळ व्हायचं, तळाशी साका. म्हणजे प्रथिन मोडलं. पुन्हा पालक, पुन्हा साका... असे सात महिने. एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, दोन वर्षं झाली. काय करून राहिली मी इथं? पालक वाटून राहिली नुसती!" हातात एका कॉम्प्युटर कंपनीचं पत्र होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही कळवायचं होतं, आणि घरून फोनवर फोन की होय म्हण.

बुधवारी मॅडम आणि ती एकेक गोष्ट तपासायला बसल्या. पाणी, क्षार, बर्फ, थर्मामीटर. मी कोपऱ्यात नळ्या पालथ्या घालत होते. अर्चना म्हणाली, "आणि काच?" मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "काच हिराबाई धुतात. पुढचं बोल."

मी खाली मान घालून नळ्या पालथ्या घालत राहिले. कारण खरी गोष्ट अशी, की त्या भांड्यांना साबण लावायचाच नाही असा मॅडमचा नियम होता. गरम पाणी आणि मग दहा वेळा डिस्टिल्ड वॉटर, बस. पण त्या काचेवर पालकाची तेलकट, हिरवट झाक राहायची. मला मेलीला ते बघवेना. माझ्या हातची भांडी आणि अशी मळकट? दिवाळीपासून मी घरच्या धुण्याच्या पावडरची पुडी कनवटीला लावून आणायचे, चिमूटभर टाकायचे. काच कशी लखलख करायची! मॅडमना बरं वाटावं म्हणूनच करत होते हो. आणि आता मी बोलायचं तरी कसं? माझे कायम होण्याचे कागद मॅडमच्याच टेबलावर होते. बुधवार गेला, गुरुवारही गेला...

शुक्रवारी अर्चना आपला खण रिकामा करायला लागली. आपला स्वेटर तिनं माझ्या हातात ठेवला. "तुम्ही वापरा मावशी. नव्या ऑफिसात एसी आहे म्हणे, पण इतकं गार काही नसेल." तो स्वेटर धरवेना मला. तशीच मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मॅडम, मी साबण लावते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठला?" मी सांगितलं. "किती?" चिमूटभर. "कधीपासून?" दिवाळीपासून. अर्चनाची वही ओढून त्या भराभर पानं मागे उलटत गेल्या. एका पानावर थांबल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या पुडी घेऊन या." मला वाटलं, हापिसात दाखवायला. मी रडायलाच लागले. "अहो हिराबाई, रडता काय? साबणाशिवाय साबणावरचा गुन्हा शाबीत कसा करायचा? आणि पालक विसरू नका."

शनिवारी मी दोन वाटे धुतले. एक पावडर टाकून, एक नुसता. मॅडम मोरीपाशी शेजारी उभ्या. दहादा विसळून झाल्यावर त्यांनी पावडरच्या वाट्यातला एक फ्लास्क, म्हणजे काचेचा चंबू, थोडं पाणी घालून हलवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. काठाला केसाएवढी फेसाची रेघ होती. सात महिने मला ती दिसलीच नव्हती! मग अर्चना थंड खोलीत शिरली. चार वाजता दोन नळ्या घेऊन बाहेर आली. पावडरवालीत साका, आणि दुसरीत पाणी हिरवं, आरपार. मग तिनं मला घट्ट मिठी मारली आणि वर म्हणाली, "मावशी, सात महिने हो! सात!" मार दिला असता तर बरं, असं झालं मला.

मॅडम तिला म्हणाल्या, "नोकरी चांगली आहे. जायचं तर जरूर जा. फक्त, प्रयोग जमत नाही म्हणून चालले असं आता सांगता यायचं नाही तुला." अर्चना खाली फोनच्या बूथवर गेली. वीस मिनिटं मी तिचा स्वेटर मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत बसले. ती वर आली, माझ्या मांडीवरचा स्वेटर उचलला आणि थंड खोलीचं दार उघडून आत गेली. वडील दोन महिने बोलत नव्हते तिच्याशी. पण प्रबंध झाला, परदेशात जाऊन आली, आणि आज तीच प्रयोगशाळा चालवते.

माझे कागद मॅडमनी तसेच पुढे पाठवले. वर एक नियम केला. नवीन येईल त्यानं, कितीही मोठी पदवी असो, पहिले पंधरा दिवस हिराबाईंच्या हाताखाली भांडी धुवायची. एका साहेबांनी मला ऐकू जाईल असं विचारलं, "जिनं घोळ घातला, तिनंच शिकवायचं का?" मॅडम म्हणाल्या, "या इमारतीत आपला घोळ आपण होऊन सांगायला आलेली ती एकटीच आहे. तुमच्याकडे दुसरं कुणी असेल तर पाठवा."

मागच्या आठवड्यात अर्चनानं गाडी पाठवून मला तिथं नेलं. मोरी तीच आहे. ईशा नावाची एक मुलगी भांडी धूत होती, हिंजवडीची कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेली, तिचा नववा दिवस. अर्चनाच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो, तर ती दारात येऊन उभी राहिली. हात ओले. "मॅम, काल मला उशीर होत होता... एक फ्लास्क मी दहा नाही, सहाच वेळा विसळला. आणि तो वापरला गेलाय." अर्चनानं कप बाजूला ठेवला. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही.

"कुठला? कधी?" तिनं विचारलं आणि वही पुढे ओढली. आणि ती पोरगी खुर्ची सरकवून बसली आणि सगळं नीट सांगायला लागली.