घट्ट, वेगवान आणि उपाशी

कल्पना करा, तुमच्यापुढे चार शब्दांची सूचना आहे: ‘मेक फास्ट बिफोर लिफ्टिंग’. रंगारी ब्रश घेऊन उभा आहे. तुम्ही हिंदीत काय लिहाल?

नरहर देवपुजारींनी लिहिलं, ‘उठाने से पहले जल्दी कीजिए’.

छप्पन साली राज्याची राजधानी भोपाळला गेली, तसे नागपूरच्या सचिवालयातले बरेच कारकून तिकडे गेले. नरहरराव त्यांतलेच. जमीनमहसुलाचं इंग्रजी त्यांना तोंडपाठ. पण त्यांना अनुवादक म्हणून धाडलं ते नव्या कारखान्यात, एका इंग्रज साहेबाच्या हाताखाली.

पाटी क्रेनजवळ लागली. कामगारांनी ती इमानानं पाळली. साखळी घाईनं अडकवली, यंत्राची पेटी हवेत कलली आणि काशिनाथच्या टाचेमागे वीतभर अंतरावर आदळली. काशिनाथ नरहररावांचा मेहुणा, त्यांच्याच शिफारशीनं लागलेला.

“भावजी, तुम्ही सांगितलंत तशी जल्दी केली हो,” तो संध्याकाळी म्हणाला.

“साहेब म्हणतो, फास्ट म्हणजे घट्ट! घट्ट बांधा!” नरहररावांनी शब्दकोश आपटला. “मग वेगवान कोण?”

“कोण?” त्यांच्या बायकोनं, कमलिनीबाईंनी विचारलं.

“तोही फास्टच.”

“आणि माझी आजची एकादशी?”

“तीही फास्ट!”

“अगबाई! जवाहर चौकातला दुकानदार या साडीचा रंग फास्ट आहे, जायचा नाही म्हणाला होता. पहिल्याच धुण्यात गेला.”

“मग खरंच बोलला की,” काशिनाथ म्हणाला. “वेगानंच गेला.”

कमलिनीबाई हसल्या. नरहरराव हसले नाहीत. ती टाच त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोर उभं राहून पाटी बदलून घेतली: ‘उठाने से पहले कसकर बाँधिए’. रंग वाळतो न वाळतो तोच पुढची सूचना आली, ‘स्टँड फास्ट’. आता ते थेट साहेबाकडेच गेले. उत्तर मिळालं: जागचं हलायचं नाही.

“पळतो तो फास्ट, हलत नाही तोही फास्ट! ही भाषा आहे की थट्टा?” नरहरराव रंगाऱ्यावरच ओरडले. त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं ‘अपनी जगह से न हिलें’ रंगवलं.

पाट्या सुधारता येतात. पण साहेब पाटी वाचून बोलत नाही. क्रेन फिरते तेव्हा तो वरच्या कठड्यावरून नुसता एक शब्द ओरडतो, आणि खाली काशिनाथ उभा असतो.

नरहरराव अजून भेटेल त्या इंग्रजी जाणणाऱ्याला विचारतात: वरून ‘फास्ट!’ ऐकू आलं, तर पोरानं पळायचं की थांबायचं?