पावसाळ्यात राहणार का?

चावीकाकूंच्या कमरेला चाव्यांचा असा जुडगा असायचा की त्या दिसायच्या आधी ऐकू यायच्या. अलिबागजवळच्या आमच्या आळीतली निम्मी घरं मुंबईकरांनी घेऊन कुलपात घातलेली, आणि त्यांच्या चाव्या काकूंकडे. दर रविवारी एखादं घर उघडायचं, खिडक्या सताड उघडायच्या आणि पायरीवर बसून मालकांचा उद्धार करायचा, हा त्यांचा नेम. "घर घेतलंय का लोनचं घातलंय गो यांनी? नुसतं बंद करून ठेवलंय!"

आई गेल्यावर बाबांना मी पनवेलला माझ्याकडे आणलं आणि आमचं घर विकायला काढलं. बाबांची अट एकच, घेणाऱ्यानं तिथं राहायला हवं. "माझ्या घराला कायमचं कुलूप लागलेलं मला बघवणार नाही," म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. गिऱ्हाइकं येत होती, पण सगळी सुट्टीपुरती. शेवटी एजंट म्हणाला, "ओपन हाऊस ठेवू. रविवारी दार उघडं, येईल त्यानं बघावं. फक्त घर रिकामं आणि चकाचक पाहिजे." आमचीही चावी काकूंकडेच; मी त्यांना तसा फोन केला.

रविवारी जाऊन बघते तर काय, अख्खी आळी आमच्या घरात! ओटीवर बायका, झोपाळ्यावर पोरं, मागच्या वाडीत पोपटी लावलेली. पाल्यात दडपलेल्या वालाच्या शेंगांचं मडकं जाळात धुमसत होतं. एजंटनं कपाळाला हात लावला.

"काकू, हे काय करून ठेवलंत?" मी विचारलं.

"अगो, मोकळं घर बघून कोनाला राहावंसं वाटंल? घरात मानसं नकोत?"

त्यात शेजाऱ्यांच्या जिभा सैल. एक सांगतोय, मे महिन्यात विहीर मचूळ होते. दुसरी सांगतेय, माजघराचा कोपरा गळतो. मी अगदी रडकुंडीला आले. काकू मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर शेंगा ठेवून एवढंच विचारत होत्या, "पावसाळ्यात राहनार का?" मंडळी हसायची. "छे हो, पावसात कोण येतं?" की काकूंचा मडक्यातला हात आखडलाच!

संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक म्हणून एक उरलं नाही. मडक्यापाशी आळीत भाड्यानं राहणारी नर्स तेवढी बसली होती, तीही पोपटी खायला आलेली. काकूंनी तिलाही गमतीनं तेच विचारलं.

"मी तर बारा महिने इथंच," ती म्हणाली. "ही घरं मुंबईकरांसाठीच असतात असं वाटायचं. आतून आज पहिल्यांदा बघितलं. आमच्यासारख्यांना जमेल का हो?"

जमलं. बँकेचं कर्ज झालं, कागद झाले. बाबा चावी द्यायला स्वतः आले, तेव्हा काकूंनी नर्सला आधीच घर उघडून दिलेलं, आणि स्वयंपाकघरात भात शिजत होता. तो वास आला आणि ते उंबऱ्यातच रडले. पनवेलला परतल्यावर त्या रात्री पोटभर जेवले.

काकू गेल्या वर्षी गेल्या. इतकं हळहळलं मन की सांगता येत नाही. त्यांच्या मुलानं घर विकायला काढलंय, आणि चाव्यांचा जुडगा आता नर्सच्या कमरेला आहे. परवाच्या रविवारी गेले, तर काकूंच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या, आळी जमलेली, वाडीत मडकं. मांडव्याच्या जेट्टीवर नोकरी करणारं एक तरुण जोडपं घर बघत होतं. नर्सनं त्यांच्या हातावर शेंगा ठेवल्या.

"पावसाळ्यात राहणार का?"

मुलगी गोंधळली. "म्हणजे काय ताई? घर सोडून पावसाळ्यात जाणार कुठे?"

नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मडक्यात हात घातला.