चार दिवसांची सहल, चार महिन्यांचा संताप

चांगल्या गोष्टी माणूस विसरतो, राग आलेल्या मात्र तारीखवार आठवतात. आम्ही लखनऊला होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, पहाडातलं एक निसर्ग केंद्र बघायला गेलो. गेलो म्हणजे चार दिवस. पण त्याची तयारी चार महिने चालली होती, आणि त्यातला एकही आठवडा असा गेला नाही की मी कुणावर तरी भडकले नाही.

*

जायचं होतं आम्हा चौघांना. मी, माझे यजमान सुहास, नऊ वर्षांची रेवा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. त्या मूळच्या अमरावतीच्या, वय सदुसष्ट. त्या केंद्राच्या जंगलात पायवाटा आहेत, सकाळी पक्षी दाखवतात, राहायला खोल्या आहेत, असं कुणीतरी सांगितलं आणि आईंनी मनावर घेतलं. मी बँकेत नोकरीला होते. जेवणाच्या सुट्टीत सहज हा विषय काढला, तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पहाडात जाऊन नैनीतालची बोट नाही, माल रोडवर फिरणं नाही, मग जायचं कशाला?

आमचे हेड कॅशियर तर फारच कळवळले, लखनऊला लागूनच असलेलं जंगल सुचवू लागले. "मैडम, पेड़ ही देखने हैं तो कुकरैल चली जाइए. शाम तक घर."

*

मग रजा. अर्जात कारण म्हणून मी खरं तेच लिहिलं. मॅनेजर सक्सेना साहेबांनी तो परत केला. म्हणाले, हे काही कारण नाही, सासूबाई आजारी आहेत असं लिहा, लगेच सही करतो. ज्या बाई रोज सकाळी कॉलनीला तीन चकरा मारतात, त्यांना मी कागदावर आजारी का पाडू? मी तोच अर्ज पुन्हा ठेवला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी सही केली आणि खाली लाल शाईने शेरा मारला: "प्रकृति देखने हेतु."

पुढचे दोन महिने अख्खी ब्रँच माझ्या प्रकृतीची चौकशी करत होती.

*

तिकिटांचा राग सुहासवर. तो मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर, डब्यांच्या स्प्रिंगा तपासणारा. कोट्यासाठी एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पण नाही. स्वतःच्या सहलीसाठी कुणाला सांगणं त्याला बरं दिसत नव्हतं. म्हणून बँकेत जायच्या आधी तीन दिवस मी रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसाने फॉर्मवरचा रेल्वे कॉलनीचा पत्ता वाचला आणि विचारलं, "आप तो घर की हैं, लाइन में क्यों लगीं?"

चार बर्थ मिळाले, तेही नेमके चाकांवरचे. घरी येऊन तिकिटं टेबलावर आपटली. सुहासने नंबर वाचले आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, "छान झालं. स्प्रिंगांचा आवाज तिथेच नीट ऐकू येतो."

*

खोल्यांसाठी केंद्रात फोन लावायचा होता. संध्याकाळी आईंना आणि रेवाला घेऊन पीसीओवर गेले. पलीकडून व्यवस्थापक बोलत होते. त्यांचं आडनाव जोशी, माणूस तिकडचाच, कुमाऊँचा. कोण कोण येणार ते मी सांगितलं. सदुसष्ट हा आकडा ऐकताच ते म्हणाले, "माताजी को घर पर ही छोड़ आइए. यहाँ सीढ़ियाँ हैं. हम किस-किसको उठाएँगे?"

पीसीओची ती काचेची टपरी केवढीशी! आई माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. माझं डोकं तापलं, मी बरंच काही बोलले आणि चौघांचं बुकिंग करूनच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आई आमच्या बिल्डिंगचा जिना चढायला लागल्या. हातात पाच किलो तांदळाची पिशवी घ्यायची, चार मजले वर जायचं, चार मजले खाली, असं रोज चार वेळा. आठवड्याभराने शेजारच्या मिश्रा भाभी गंभीर चेहऱ्याने घरी आल्या. मी दार उघडलं, पण त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं. त्या सुहासला म्हणाल्या, "भाई साहब, बहू माताजी से राशन ढुलवा रही है. पूरी कॉलोनी देख रही है."

*

शेवटी एकदाचे पोचलो. फाटकापासून वर ऐंशी-नव्वद पायऱ्या, आणि खाली दोन माणसं खुर्ची घेऊन उभी. जोशीजींनी आईंसाठी पाठवलेली. आईंनी खुर्चीत आपली वळकटी ठेवली, तिच्यावर सुहासची बॅग ठेवली आणि त्या पायी निघाल्या. रेवा मागून ओरडली, "दादी, धीरे!" वर पोचून आम्ही सगळे धापा टाकत होतो. आई विचारत होत्या, पक्षी कुठे आहेत.

*

निघायच्या दिवशी जोशीजींनी अभिप्रायाची वही पुढे केली. बोलता बोलता म्हणाले, मराठी समजत नाही, पण त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातूनच पहाडात आले होते, तेव्हा माताजींनी मराठीतच लिहावं. आईंनी चष्मा लावला आणि पान भरून लिहिलं. पेन इतकं दाबत होत्या की मागच्या तीन पानांवर अक्षर उमटलं. मी पहिली ओळ वाचली आणि रेवाला बाहेर पक्षी बघायला पाठवलं.

"क्या लिखा है माताजी ने?" जोशीजींनी विचारलं.

"दिल से लिखा है," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी त्यांचं पत्र आलं. माताजींचं ते पान त्यांनी काचेत बसवून ऑफिसात लावलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते पूर्वजांच्या भाषेतलं म्हणून मोठ्याने वाचून दाखवत. आता भोजनालयाची एक भिंत रिकामी होती, तर माताजींनी तिच्यासाठीही काही लिहून पाठवावं अशी विनंती होती.

मी पत्र वाचून संपवलं. आई म्हणाल्या, "पेन दे."