तिसरा दोर

लिफ्टदुरुस्तीच्या कामात ती आली तेव्हा बावीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी थोरल्या भावाने तिला लिफ्टच्या टपावर उभं केलं. वर अंधारात गेलेले पाच पोलादी दोर आणि कडेच्या फटीतून दिसणारी खोली पाहून तिला जी भीती वाटली, ती पुढल्या सतरा वर्षांत पुरती कधी गेलीच नाही. दादा तिला भागूबाई म्हणायचा. ते नाव इतकं चिकटलं की सुट्या भागांचा दुकानदारही फोनवर "भागूबाई आहेत का?" असं विचारायचा. ती हसून घ्यायची. पण टपावर चढण्याआधी लिफ्ट जागीच थांबवणारा तिथला स्विच दोनदा तपासायची, आणि चढल्यावर मनाच्या समाधानासाठी आणखी एकदा.

दादा तसा नव्हता. तो शिट्टी वाजवत चढायचा, एका हाताने काम करायचा आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलायचा. आई म्हणायची, देवाने दोघांच्या वाटणीची भीती एकटीच्याच पदरात घातली.

त्या दिवशी सकाळी चौदा मजल्यांच्या एका इमारतीतून तक्रार आली. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते, म्हातारी माणसं ठेचकाळतात. दादा म्हणाला, तासाभराचं काम आहे. तो छतावरच्या मशीनरूममध्ये गेला आणि ती टपावर. लिफ्ट रिकामी होती, दारांवर पाट्या लावल्या होत्या.

अशा लिफ्टला एका टोकाला माणसांची पेटी असते आणि दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन. मधले दोर वरच्या चाकाच्या खोबणीतून जातात. पाचही दोरांनी भार सारखा वाटून घ्यायला हवा. एकाने जास्त ओढ घेतली की तो स्वतः झिजतो आणि आपली खोबणही खातो. हे तिला दादानेच शिकवलं होतं.

लिफ्ट दहाव्या मजल्याजवळ थांबवून तिने वजनाकडे जाणारे दोर तळव्याने एकेक करून दाबले. चार दोर थोडे थोडे आत गेले. तिसरा मात्र सळईसारखा ताठ. तिने पुन्हा दाबला. तसाच. मग टपावरच्या बटणाने लिफ्ट हातभर खाली न्यायची, थांबायचं आणि फडकं दोरावर टेकवून पाहायचं, असं तिने सुरू केलं. चौथ्या थांब्याला फडकं अडकलं. टॉर्च जवळ नेला तर एका पेडाच्या तारा उभ्या राहिलेल्या, काट्यांसारख्या. बोटभर लांबीत अकरा. फटींतून तांबडी भुकटी गळत होती. म्हणजे दोर आतूनही गंजलेला होता.

तिने दादाला फोन लावला.

"तिसरा गेलाय."

"तिसरा कसा जाईल? तो तर नवा आहे."

 तीन वर्षांपूर्वी इथलं दोराचं काम दादाने एकट्याने केलं होतं. पाचही दोर बदलायचे तर लिफ्ट दहा दिवस बंद ठेवावी लागली असती आणि लोक कटकट करत होते, म्हणून त्याने एकच बदलला होता. नवा दोर ताणून लांबतो. मग त्याचा नट आवळायचा, परत लांबला की परत आवळायचा. आवळता आवळता लिफ्टचा बहुतेक सगळा भार त्या एकट्यावर येऊन पडला होता.

"बाकीचे चार आहेत ना," दादा म्हणाला, "फेरी पुरी कर आणि ये." पुढचं काही ऐकू येण्याआधी फोन बंद पडला. लिफ्टच्या भुयारासारख्या शाफ्टमध्ये असं नेहमीच व्हायचं.

तेवढ्यात चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला. तिसऱ्या दोराचा तो पेड तुटला आणि पीळ उलगडत टपावर येऊन पडला. दोर तुटला नव्हता. उरलेल्या पेडांवर तो अजून उभा होता. पण सुटलेल्या पेडाचं वेटोळं टपाच्या कठड्याभोवती पडलं होतं आणि तिचा डावा पाय त्याच्या आत होता.

तिने स्विच दाबला.  आणि मग तिच्या लक्षात आलं की खरं संकट अजून यायचंय. आवाज ऐकून दादा वर हातावर हात धरून बसणार नाही. स्विचने मोटर थांबते, पण दादा ब्रेकचा दांडा हाताने उचलेल, बहिणीला दहाव्या मजल्याला टेकवायला. रिकामी पेटी वजनाच्या ओढीने वर सरकेल, वजनाकडचे दोर खाली जातील आणि वेटोळं आवळलं जाईल.

तिने ओरडून पाहिलं. आवाज वरपर्यंत पोचला नाही.

लिफ्ट हलली. सावकाश, जेमतेम वीतभर. वेटोळं कठड्याला करकचून बसलं आणि लोखंडी नळी तिच्या डोळ्यांदेखत वाकली. तिने पाय हिसकला. बूट आत राहिला, पाय बाहेर आला. कमरेला लावलेला पाना काढून तिने लिफ्ट ज्यावर सरकते त्या उभ्या रुळावर आपटला. तीनदा. पुन्हा तीनदा. कशालाही हात लावू नकोस, अशी ती दोघांची खूण होती.

लिफ्ट थांबली.

दहाव्या मजल्याचा उंबरठा आता तिच्या कमरेइतका वर होता. दाराचं कुलूप आतून ढकलायचं आणि चढून जायचं, एवढंच. पण एवढ्यासाठी ती किती वेळ उभी राहिली, हे तिला नंतर सांगता आलं नाही. अर्धं अंग बाहेर आणि अर्धं आत असताना लिफ्ट हलली तर, या विचाराने तिचे पाय खिळले होते. शेवटी तिने डोळे मिटले, दार ढकललं आणि पोटावर सरपटत बाहेर आली. समोरच्या घरातल्या बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काही न विचारता तिला पाणी दिलं.

छतापर्यंत पाच मजले ती एका बुटावर चढली. मशीनरूममध्ये दादा जमिनीवर बसला होता, दांडा सोडलेला हात दुसऱ्या हाताने धरून. 

"पहिल्या तीन ठोक्यांना मी थांबलो नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, घाबरून वाजवते आहेस."

ती त्याच्या शेजारी बसली. मग त्याने सांगितलं की तो एकच दोर बदलल्यापासून या इमारतीचा फोन आला की त्याला घाम फुटायचा. पण कुणाला सांगणार?

लिफ्टला त्याच दुपारी कुलूप लागलं. मॅनेजर चिडला, लोक जिन्यात थांबून ऐकवून गेले. दादाने चूक आपली असल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. पाचही दोर आणि वरचं चाक बदलेपर्यंत सोळा दिवस गेले. अकराव्या मजल्यावरच्या लकवा झालेल्या गृहस्थांना दवाखान्यात न्यायचं असे तेव्हा भाऊबहीण त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवत. दादा खालच्या बाजूला असायचा, भार जास्त येतो तिकडे.

महिन्याने नवे दोर लांबले आहेत का ते पाहायला दोघं परत गेली. या वेळी दादा टपावर चढला आणि ती मशीनरूममध्ये ब्रेकपाशी बसली. तिथे तर तिला जास्तच भीती वाटली. खालून ठोका येतो का ते ऐकत तिने इतका वेळ श्वास रोखला की कान गुणगुणायला लागले.